पाठीवर एक पिशवी, हाताशी चार दिवस

बँकेच्या खिडकीशी बसणाऱ्या माणसाला इतरांची स्वप्ने मुदतीसह ठाऊक असतात. मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, घराची दुरुस्ती. आणि यादीच्या अगदी शेवटी, किंचित संकोचाने सांगितलेले, ‘निवृत्तीनंतर जरा फिरायचे आहे.’ या शेवटच्या इच्छेपोटी ठेवलेल्या मुदत ठेवी गेल्या बारा वर्षांच्या सेवेत मी पुष्कळ पाहिल्या. त्यांचे एक वैशिष्ट्य असे, की मुदत संपली तरी त्या सहसा मोडल्या जात नाहीत. त्यांचे नूतनीकरण होते.

अशीच एक ठेव आमच्या घरात होती. माझे वडील शाळेत शिक्षक होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेतून त्यांनी एक वर्षाची ठेव ठेवली आणि पावतीच्या मागे पेन्सिलीने ‘रामेश्वर’ असे लिहून ठेवले. पहिल्या वर्षी धाकट्या भावाची परीक्षा आली, दुसऱ्या वर्षी घराचे छप्पर आले. तिसऱ्या वर्षी, महिनाभराची यात्रा करायची तर ती सवडीनेच करावी, असे ठरले. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज मीच अण्णांपुढे ठेवीत असे आणि व्याज कसे वाढते आहे ते कौतुकाने सांगत असे. व्याज वाढत होते आणि अण्णांचे चालणे कमी होत होते. हे दोन आकडे मी कधी शेजारी मांडून पाहिले नाहीत. सहाव्या वर्षी अण्णा गेले. पावतीवर नामनिर्देशन असल्याने रक्कम आईला विनासायास मिळाली. पेन्सिलीने लिहिलेला शब्द मात्र तसाच राहिला.

प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्या शब्दात आहे. पन्नाशीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या वाचकांनी मोठ्या यात्रेची वाट पाहत न बसता, पाठीवर मावेल एवढे सामान घेऊन, तीन-चार दिवसांचे छोटे प्रवास आजच कसे सुरू करावेत, याचा हा अनुभवाधारित विचार आहे.

मोठा प्रवास आणि छोटा प्रवास

प्रवास म्हटला की आपल्या मनासमोर मोठे चित्र उभे राहते. महिनाभराची रजा, पंधरा जणांचा गट, चार बॅगा, फराळाचे डबे आणि लाखभर रुपये. हे सर्व एकाच वेळी जुळून येणे दुर्मिळ, म्हणून प्रवास पुढे ढकलला जातो. छोट्या प्रवासाला यातले काहीच लागत नाही. शनिवार-रविवारला जोडून दोन दिवसांची रजा काढली तरी काम भागते. खर्च एखाद्या महिन्याच्या वाणसामानाएवढा. काही बिनसले, तर अर्ध्या दिवसात माणूस घरी परत येऊ शकतो. उतारवयात ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. परतीची खात्री असली, म्हणजे निघण्याचे धैर्य होते.

तरुणांनी पाठीवर पिशवी टाकून हिंडावे आणि वडीलधाऱ्यांनी आरामबसमधून जावे, असा एक समज रूढ आहे. तो आपल्या परंपरेला धरून नाही. आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांत साठी ओलांडलेले स्त्री-पुरुष हजारोंनी असतात. त्यांचे जड सामान दिंडीच्या ट्रकमधून जाते आणि खांद्यावर गरजेपुरती पिशवी उरते. थोडके सामान, ठरलेला टप्पा, दुपारचा विसावा आणि सोबत. वारकऱ्यांची ही चार सूत्रे छोट्या प्रवासालाही जशीच्या तशी लागू पडतात.

ठिकाण कसे निवडावे?

अण्णांच्या पश्चात आई दीड वर्ष घराबाहेर पडली नव्हती. तिचे वय त्रेसष्ट. ‘मी आता कुठे जाणार?’ हे तिचे ठरलेले वाक्य. मी त्या वेळी सोलापूर येथे कार्यरत होते. पुष्कळ विचारांती मी तिच्यासमोर बदामीचा प्रस्ताव ठेवला. त्यामागील चार निकष येथे नमूद करते, कारण ते कोणत्याही ठिकाणाला लावता येतील.

पहिला निकष म्हणजे एकाच गाडीचे अंतर. सोलापूर–गदग लोहमार्गावर विजापूर, बागलकोट आणि मग बदामी येते. वाटेत गाडी बदलावी लागत नाही. दुसरा, एकच मुक्काम. रोज नवे गाव आणि रोज नवी खोली हा क्रम थकवतो. एका ठिकाणी तीन रात्री राहून आसपासची स्थळे पाहावीत. तिसरा, पोटाला मानवणारे अन्न. उत्तर कर्नाटकात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही आणि भरली वांगी मिळतात, म्हणजे पथ्यपाण्याची चिंता मिटते. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष हा, की ज्या व्यक्तीला न्यायचे, तिला तेथे जाण्याचे स्वतःचे काही कारण असावे. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांप्रमाणे आमच्याही घराण्याची कुलस्वामिनी आहे. लग्नानंतर एकदाच आई तिच्या दर्शनाला गेली होती. बनशंकरीचे नाव निघताच तिने ‘बघू’ म्हटले. आमच्या घरी ‘बघू’ याचा अर्थ होकार असा होतो.

पिशवी : एक प्रामाणिक ताळेबंद

निघण्याच्या आदल्या रात्री आईने भरलेली पिशवी मी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. आत सहा साड्या, स्टीलचे दोन डबे, एक जाड चादर, पूजेची पेटी आणि दोन किलो चिवडा निघाला. ‘परगावी जायचे, तर असू दे हाताशी,’ हे तिचे समर्थन. या ‘असू दे’ने आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रवास जड केले आहेत.

मी एक साधा नियम ठेवला आहे. पिशवीचे वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे. आईचे वजन छप्पन्न किलो. म्हणजे पिशवी साडेपाच किलोंच्या आत हवी. रिकामी पिशवी नऊशे ग्रॅम, लवकर वाळणारे दोन जोड कपडे आणि आतले कपडे मिळून दीड किलो, औषधे, कागदपत्रे, चार्जर व विजेरी मिळून अर्धा किलो, पंचा आणि पातळ शाल सहाशे ग्रॅम, एक लिटर पाणी एक किलो. एकूण साडेचार किलो. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जुळली, की लेखापालाला जे समाधान मिळते, ते मला त्या रात्री स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मिळाले. पूजेच्या पेटीऐवजी अण्णांचा एक छोटा फोटो तेवढा आईने आग्रहाने ठेवला. त्याचे वजन मी धरले नाही.

पिशवी घेताना तिला रुंद, गादीचे पट्टे आणि कमरेचा पट्टा आहे ना, हे पाहावे. कमरेचा पट्टा नीट आवळला, की भाराचा मोठा भाग खांद्यांवरून कमरेवर उतरतो. जड वस्तू पाठीला लागून ठेवाव्यात, हलक्या बाहेरच्या बाजूस. पादत्राणे नवी कोरी नसावीत. महिनाभर वापरलेली, तळाला पकड असलेली असावीत. प्रवासापूर्वी पंधरा दिवस भरलेली पिशवी पाठीवर घेऊन रोज सकाळी अर्धा तास चालावे. आमच्या कॉलनीत त्या पंधरवड्यात आईच्या चालण्याची बरीच चर्चा झाली आणि ती तिला मनातून आवडली, असे माझे निरीक्षण आहे.

दिवस कसा घालवावा?

बदामी म्हणजे प्राचीन वातापी. पहिल्या पुलकेशीने इ. स. ५४३ मध्ये येथील डोंगरावर किल्ला उभारल्याचा उल्लेख कोरीव लेखात आहे. पुढे सुमारे दोनशे वर्षे ही चालुक्यांची राजधानी होती. तांबड्या वालुकाश्माच्या दोन टेकड्या आणि त्यांच्यामध्ये अगस्त्य तलाव, अशी या गावाची रचना आहे. पाहण्यासारखे इतके आहे, की उत्साही पर्यटक एका दिवसात सर्व उरकू पाहतो. मध्यमवयीन प्रवाशाने हा मोह टाळावा.

आम्ही असा क्रम ठेवला. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून विश्रांती आणि संध्याकाळी केवळ तलावाकाठी भूतनाथ मंदिरापर्यंत फेरफटका. दुसऱ्या दिवशी उन्हापूर्वी लेणी, दुपारी झोप, संध्याकाळी बनशंकरी. तिसऱ्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे. चौथ्या दिवशी परत. दिवसाला एक मोठी गोष्ट आणि एक छोटी गोष्ट, याहून अधिक काही नाही. समोरच्या उत्तरेकडील टेकडीवरचा किल्ला आम्ही सोडून दिला. सर्व काही पाहिलेच पाहिजे, असा कोणताही परिपत्रकीय आदेश नाही.

बदामीची चार लेणी डोंगराच्या पोटात एकावर एक अशा उंचीवर आहेत. पहिले शिवाचे, दुसरे-तिसरे विष्णूचे आणि चौथे जैन. पहिल्या लेण्याच्या बाहेर अठरा हातांचा नटराज आहे. तिसरे लेणे सर्वांत मोठे. त्यातील लेखावर शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ हा काळ आहे. प्रत्येक लेण्याशी पायऱ्या संपतात, म्हणजे विश्रांतीची जागा आपोआप लाभते. आई प्रत्येक टप्प्यावर बसली, पाणी प्याली आणि मगच पुढे निघाली. तरुण मंडळींचे दोन गट आम्हाला ओलांडून वर गेले आणि छायाचित्रे काढून खालीही उतरले. आम्ही चौथ्या लेण्यात पोहोचलो, तेव्हा तेथे कोणीच नव्हते. खाली तलावाचे पाणी होते आणि पलीकडच्या घाटावर कपडे धुण्याचा आवाज येत होता. संथ चालणाऱ्याला मिळणारी ही सवलत आहे. येथे एक सूचना : माकडे फार आहेत. हातात खाद्यपदार्थ किंवा प्लास्टिकची पिशवी धरू नये.

बनशंकरीला आईने घाई केली नाही, मीही केली नाही. मंदिरासमोर दगडी ओवऱ्यांनी वेढलेला मोठा चौकोनी तलाव आहे. पौष महिन्यात येथे मोठी जत्रा भरते. आम्ही गेलो ते दिवस जत्रेचे नसल्याने शांतता होती. बाहेर टोपल्यांतून भाकरी, चटणी आणि मडक्यातले दही घेऊन बसलेल्या बायकांपैकी एकीजवळ आम्ही जेवलो. तिचे कानडी आणि आईचे मराठी यांच्या दरम्यान ‘भाकरी’, ‘चटणी’, ‘अक्का’ एवढे शब्द पुरले. उठताना आईने तिला विचारले, ‘उद्या असाल ना?’ दीड वर्षात तिने ‘उद्या’ हा शब्द उच्चारलेला मी प्रथमच ऐकला.

पट्टदकल हे मलप्रभा नदीकाठचे मंदिरसमूहाचे गाव १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. येथील विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात लोकमहादेवी या राणीने, पती दुसरा विक्रमादित्य याच्या कांचीवरील विजयाप्रीत्यर्थ बांधविले. शेजारचे मल्लिकार्जुन मंदिर तिची बहीण आणि सवत त्रैलोक्यमहादेवी हिचे. उत्तरेची नागर आणि दक्षिणेची द्राविड अशी दोन्ही प्रकारची शिखरे येथे एकाच आवारात उभी आहेत. जमीन सपाट आणि सावली भरपूर असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनाही हे स्थळ सुखाचे आहे.

ऐहोळ्याला मेगुती मंदिर टेकडीवर आहे. आई खाली झाडाच्या सावलीत बसली आणि मी एकटी वर गेले. तेथील भिंतीवर रविकीर्ती या कवीचा इ. स. ६३४ चा संस्कृत शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीने नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य मिळविले, असे त्यात म्हटले आहे. खाली येऊन मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, ‘म्हणजे आपले नाव इथे लिहिलेले आहे. मग मला परगावी आणले, असे का म्हणत होतीस?’

प्रकृतीची काळजी

धाडस आणि हट्ट यांतील सीमारेषा वयानुसार स्पष्ट ठेवावी लागते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास. औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन दिवस अधिक पुरतील एवढी घ्यावीत आणि ती चिठ्ठीसह अंगाजवळच्या छोट्या पिशवीत ठेवावीत. पायऱ्या चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघ्यांवर ताण अधिक येतो. म्हणून हातात काठी असावी आणि उतरण्यासाठी चढण्याइतकाच वेळ राखून ठेवावा. छातीत दुखणे, भोवळ किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ आणि रेल्वेप्रवासात १३९ हे क्रमांक लक्षात असावेत.

पैशाची आणि तिकिटांची व्यवस्था

आता आमच्या व्यवसायाचा भाग. प्रवासात सर्व पैसे एकाच ठिकाणी ठेवू नयेत, हे आजीने चोळीच्या गाठीत पैसे बांधून आपल्याला शिकविलेच आहे. आज त्याचा अर्थ असा : थोडी रोकड पाकिटात, थोडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात, कार्ड वेगळ्या जागी. मोबाइलवरून पैसे देण्यासाठी शक्य तर स्वतंत्र बचत खाते जोडावे आणि त्यात प्रवासापुरतीच रक्कम ठेवावी. मूळ ठेवी आणि निवृत्तिवेतनाचे खाते त्यापासून दूर राहते. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. तो कोणी मागितला, तर तो फसवणुकीचाच प्रयत्न समजावा. कार्ड हरवल्यास ते ताबडतोब बंद करण्यासाठी बँकेचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण मोबाइलही त्याच वेळी हरवू शकतो. ऑनलाइन फसवणूक झाल्यास विनाविलंब बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांसाठीची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली. त्यामुळे ती गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये. तथापि साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. आरक्षण करताना वय अचूक नोंदवावे. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत साठ दिवसांची आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जायचे असेल, तर एस.टी.ने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्म्या भाड्यात प्रवासाची योजना सुरू केली. निघण्यापूर्वी आगारात चौकशी करून ओळखपत्र सोबत घ्यावे.

आमच्या चार दिवसांचा दोघींचा एकूण खर्च सात हजारांच्या आत राहिला. दरमहा सहाशे रुपयांची आवर्ती ठेव ठेवली, तर वर्षाला सात हजार दोनशे रुपये आणि वर व्याज, एवढी रक्कम जमते. म्हणजे वर्षाला असा एक प्रवास, तोही कोणत्याही ठेवीला हात न लावता. ही ठेव मात्र मुदत संपताच मोडावी, अशी माझी विनंती आहे. एक बँक अधिकारी म्हणून हे वाक्य लिहिणे मला थोडे जड जाते. एक मुलगी म्हणून मुळीच जात नाही.

शेवटी

बदामीहून परतल्यानंतर सहा महिन्यांत आम्ही आणखी दोन छोटे प्रवास केले. तिसऱ्यासाठी मी विषय काढण्यापूर्वीच आई शाखेत आली. तिच्या हातात तिच्या नावे झालेल्या त्या जुन्या ठेवीची पावती होती. मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. सवयीने माझा हात नूतनीकरणाच्या अर्जाकडे गेला. ती म्हणाली, ‘या वेळी नूतनीकरण नको. मोडून टाक.’ एप्रिल २०२५ मध्ये नवा पांबन पूल खुला झाल्यापासून गाडी पुन्हा थेट रामेश्वरापर्यंत जाऊ लागली आहे, ही बातमी तिने कात्रणासह जपून ठेवली होती.

या प्रवासाला महिना लागणार नाही आणि पंधरा माणसेही लागणार नाहीत. दोन पिशव्या पुरतील. त्यांतील एकीत अण्णांचा फोटो असेल.

वाचकहो, आपल्याही कपाटात अशी एखादी पावती असेल, तर ती एकदा काढून पाहा. तिच्यामागे काही लिहिले आहे का, तेही पाहा. आपले लहान-मोठे सर्व प्रवास सुखाचे होवोत, ही सदिच्छा.